एकाच महिन्यात ऑपेरा, नाटक आणि गेमचं व्हॉइस-ओव्हर: एका गळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातली कलाकार मेझो-सोप्रानो आहे, म्हणजे सोप्रानो या सर्वांत उंच स्त्री-आवाजाहून थोड्या खालच्या पट्टीत गाणारी ऑपेरा-गायिका. वय पस्तिशीच्या आसपास, व्यवसायात ११ वर्षं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि सारख्याच पेचातून गेलेल्या एकाहून जास्त कलाकारांचे अनुभव एकीच्या नावावर मांडले आहेत. पुढे तिला 'गायिका' म्हटलं आहे ते सोयीसाठी. वर्षाच्या कमाईत निम्मा वाटा ऑपेराचा, बाकीचा नाटक आणि व्हॉइस-ओव्हरचा.

तीन क्षेत्रांत काम करणं ही तिची हौस नव्हती. पाहुण्या गायकांना बऱ्याच ऑपेरा-गृहांत प्रयोगामागे मानधन मिळतं. तालमींचे वेगळे पैसे अनेकदा नसतात, आणि आजारपणामुळे प्रयोग हुकला तर त्या प्रयोगाचं मानधनही जातं. महिनाभर रोज हजेरी लावायची आणि पहिला पैसा हातात पडतो तो पडदा उघडल्यावर. मधला काळ भरून काढायला नाटक आणि ध्वनिमुद्रण लागतंच. पुढच्या प्रत्येक निर्णयावर या गोष्टीची सावली आहे, म्हणून ती आधीच सांगितली.

त्या हंगामात तिच्याकडे मुख्य काम होतं रोस्सिनीच्या 'द बार्बर ऑफ सेव्हिल'मधल्या रोझिनाचं. १८१६ साली रोममध्ये पहिल्यांदा रंगलेल्या या ऑपेरात ही भूमिका मुळात खालच्या स्त्री-आवाजासाठी लिहिलेली आहे. नंतर सोप्रानो गायिका ती वर चढवून गात आल्या, पण मेझो 'ऊना वोचे पोको फा' हे मोठं गाणं मूळच्या ई मेजर या पट्टीतच गातात. तिने बसवलेल्या आवृत्तीत अलंकारांसह आवाज मधल्या सी-खालच्या जी-शार्पपासून (सुमारे २०८ हर्ट्झ) वरच्या बी-पर्यंत (सुमारे ९८८ हर्ट्झ) फिरत होता, तोही जलद तानांमधून. तालमी ५ आठवडे, मग १६ दिवसांत ६ प्रयोग.

दुसरं काम एका छोट्या नाट्यगृहातलं गद्य नाटक. मायक्रोफोन नाही, शुक्रवार ते रविवार मिळून ४ प्रयोग. दुसऱ्या अंकात तिची एक किंकाळी आणि तिला लागूनच ६ मिनिटांचं स्वगत.

तिसरं एका गेममधल्या योद्धा-स्त्रीचा आवाज. ४ तासांची ४ सत्रं ठरली होती. सुमारे ४०० संवाद, आणि त्याशिवाय ज्यांना या धंद्यात 'एफर्ट्स' म्हणतात ते आवाज: वार करताना, वार झेलताना, उंचावरून पडताना, धाप लागताना, मरताना. कागदावर ही ओळ एकच दिसते, पण प्रत्येक प्रकाराच्या तीन ताकदी आणि प्रत्येक ताकदीचे चार-पाच टेक घेतले की साठ ते पंच्याहत्तर ओरडे होतात.

मूळ वेळापत्रकात काही चूक नव्हती. गेमचं काम ऑपेराच्या तालमी सुरू होण्याआधी ३ आठवडे संपणार होतं. नाटकाचा शेवटचा प्रयोग ऑपेराच्या दुसऱ्या आठवड्याअखेर होता, म्हणजे तोवर ऑपेराच्या तालमी अजून पियानोवर आणि हालचाली बसवण्यावरच असणार होत्या.

अडचण कशी उभी राहिली

दोन बदल झाले, दोन्ही वरवर पाहता निरुपद्रवी. गेमच्या संहितेला उशीर झाला आणि सत्रं थेट ऑपेराच्या चौथ्या आठवड्यात आली. करारात कामाचे तास होते, मानधन होतं, पण 'या तारखेनंतर कलाकार बांधील नाही' असं कुठेही नव्हतं. त्यानंतर नाटकाला गर्दी होऊ लागली म्हणून ते २ आठवडे वाढवलं. या वाढीव प्रयोगांना तिने फोनवर, त्याच दिवशी होकार दिला.

तिन्ही ठिकाणच्या लोकांना आपापलं काम अवाजवी वाटत नव्हतं, आणि ते तसं नव्हतंही. नाटकाच्या मंडळींना माहीत होतं की ती दिवसा 'ऑपेराच्या तालमीला जाते'. ऑपेराच्या लोकांना ठाऊक होतं की ती 'शनिवार-रविवारी नाटक करते'. गेमच्या दिग्दर्शकाला दोन्हीची कल्पना नव्हती. बेरीज कुणाच्याच समोर नव्हती, आणि जिच्या समोर असायला हवी होती ती दिवस मोजत होती, आवाज मोजत नव्हती.

एकच गळा तीन ठिकाणी काय करतो

हा भाग समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत.

स्त्रीचा बोलण्याचा आवाज साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला २०० वेळा एकमेकांवर आपटतात. तासभर बोलताना निम्मा वेळ जरी आवाज निघत असला तरी ही संख्या ३,६०,००० होते. रोझिनाचा वरचा स्वर धरताना हाच वेग हजाराच्या जवळ जातो. तरीही शिकलेल्या गळ्याला गाणं जितकं महागात पडतं त्याहून ओरडणं कितीतरी महागात पडतं. उंच स्वरात तंतू ताणलेले आणि पातळ असतात, कडा हलकेच भेटतात. छातीच्या आवाजात ओरडताना ते जाड आणि आखूड असतात, खालून हवेचा दाब जास्त असतो आणि टक्कर जोरात होते. सगळ्यात जास्त मार बसतो तो तंतूंच्या मोकळ्या भागाच्या मधोमध. म्हणून सूज आणि गाठी तिथेच येतात.

ऑपेरात मायक्रोफोन नसतो, तरी आवाज वाद्यवृंदाच्या वर जातो तो केवळ ताकदीने नव्हे. वाद्यवृंदाची ऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि वर जाताना घटत जाते. पुरुषांचे आणि खालच्या स्त्री-आवाजांचे शिकलेले गायक ३,००० हर्ट्झच्या जवळ अनुनाद गोळा करतात आणि त्या मोकळ्या फटीतून ऐकू येतात. वरच्या स्वरांवर स्त्रिया जबडा उघडून तोंडाच्या पोकळीचा अनुनाद स्वराशीच जुळवतात. म्हणजे आवाज मोठा होतो तो पोकळीच्या आकारामुळे, घशाच्या जोरामुळे नाही.

मायक्रोफोनसमोर ही सवय आडवी येते. स्वर गोलाकार होतात, व्यंजनं शेवटच्या रांगेपर्यंत फेकल्यासारखी येतात, वाक्याच्या शेवटी नकळत कंप येतो. ध्वनिमुद्रक सांगतो, 'जरा घरगुती बोला', मग कलाकार आवाज खाली आणि मागे नेते. त्यात माइक १० सेंटिमीटरवर असेल तर जवळिकीमुळे खर्ज आणखी फुगतो, कानातल्या हेडफोनमध्ये तो छान वाटतो, आणि पट्टी अजून खाली सरकते. शब्दाची शेपूट खरखरीत होऊ लागते. चार तास असं बोलणं हे विश्रांतीचं काम नव्हे, जरी ते खुर्चीत बसून आणि हळू आवाजात होत असलं तरी. गायिकांसाठी माइक २० ते २५ सेंटिमीटरवर, तोंडाच्या थोडा बाजूला ठेवला की खर्जाचा हा मोह बराच कमी होतो.

नाटकातलं मोठ्याने बोलणं या दोघांच्या मधलं. तिथे अडचण किंकाळीची नव्हती, किंकाळीनंतर लगेच येणाऱ्या स्वगताची होती. सुजलेल्या कडा दोन मिनिटं शांत राहायला मिळाल्या असत्या तर गोष्ट वेगळी. शिवाय त्या प्रयोगात रंगमंचावर ग्लायकॉल या रसायनाचा धूर सोडत असत, आणि त्याने घसा कोरडा पडतो.

आता हे तिन्ही एकत्र केलं तर सर्वांत आधी काय जातं? मोठा आवाज जात नाही. खालचा आवाज तर उलट जास्त भरदार वाटू लागतो, कारण सुजलेल्या तंतूंचं वजन वाढलेलं असतं. आधी जातो तो उंच आणि हळू, म्हणजे बारीक आवाजातला, स्वर. ज्याच्यासाठी कडा अगदी पातळ आणि सरळ लागतात, तोच.

तिसरा आणि चौथा आठवडा

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी बोलण्याचा आवाज स्वच्छ होता. वॉर्म-अपमध्ये मात्र वरच्या ई-च्या (सुमारे ६५९ हर्ट्झ) पुढे हळू स्वर लावताना आधी नुसती हवा आणि मग क्षणभराने आवाज येत होता. जोरात लावला तर स्वर लगेच लागत होता.

तिने याचा अर्थ 'गळा अजून तापला नाही' असा लावला आणि नेहमीची १५ मिनिटं ४० मिनिटांवर नेली. हा उलटा उपाय. न तापलेला गळा दहा-पंधरा मिनिटांत सुधारतो. सुजलेला गळा त्याच वेळात आहे तिथेच राहतो किंवा बिघडतो, आणि जोर लावून स्वर काढता येतो म्हणून फसवतो. हा फरक ओळखायची साधी चाचणी आहे: 'हॅपी बर्थडे'ची पहिली ओळ तार सप्तकात, जितक्या हळू आवाजात गाता येईल तितक्या हळू, रोज त्याच वेळी गायची. काल जिथे हवा येत नव्हती तिथे आज आली, आणि उद्याही आली, तर तो थकवा नाही. ही चाचणी तिला माहीत होती. ती त्या आठवड्यात एकदाही केली नाही.

चौथ्या आठवड्याच्या मंगळवारी गेमचं पहिलं सत्र झालं. दिग्दर्शकाने एफर्ट्स आधी घेतले, कारण 'अंगात जोर आहे तोवर उरकू'. ५० मिनिटं ओरडे, मग ३ तास संवाद. व्हॉइस-ओव्हरमध्ये हा क्रम नेहमी उलटा असावा लागतो. शांत संवाद आधी, मग चढे प्रसंग, आणि ओरडे अगदी शेवटी, म्हणजे त्यानंतर गळ्याला काही करायचं उरत नाही. अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेने गेम कंपन्यांविरुद्ध २०१६-१७ मध्ये जो संप केला त्यात आवाजावरचा ताण हा एक मोठा मुद्दा होता, आणि अशा सत्रांवर दोन तासांची मर्यादा असावी ही मागणी त्यातूनच सर्वांच्या कानावर गेली. चार तासांचं सत्र करारात वाचूनही तिने ते खोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिट्झप्रोबे होती, म्हणजे गायक आणि वाद्यवृंद पहिल्यांदा एकत्र, अभिनय नाही, बसून गायचं. वाद्यवृंद समोर असला की हात राखून गाणं कठीण. गाणं पार पडलं. कंडक्टरला, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याला, काही खटकलं नाही. खटकलं ते महिनाभर तिच्याबरोबर पियानोवर बसणाऱ्या वादकाला. मध्यंतरात तो तिच्याजवळ येऊन म्हणाला, "आज तुम्ही एकही ओळ हळू गायली नाहीत."

या वाक्यामुळे ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली.

तपासणी

गळ्याचा त्रास असलेल्या गायकाला नुसत्या आरशाने किंवा साध्या दिव्याच्या दुर्बिणीने पाहून भागत नाही, कारण तंतूंची हालचाल डोळ्याला दिसण्यापलीकडची आहे. स्ट्रोबोस्कोपीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे ती संथ झाल्यासारखी दिसते. तंतू कुठे भेटतात, कुठे फट राहते, वरच्या पातळ आवरणाची लाट मोकळी फिरते का, हे त्यात कळतं.

तिच्या तपासणीत दोन्ही तंतूंच्या मध्यावर सूज होती. ते मिटताना वाळूच्या घड्याळासारखी आकृती दिसत होती: मध्ये टेकलेले, पुढे-मागे फट. लाट चालू होती, म्हणजे घट्ट गाठ झालेली नव्हती. रक्तस्राव नव्हता. पण उजव्या तंतूवर एक बारीक फुगलेली रक्तवाहिनी होती, आणि सगळ्या निर्णयांना तिने वळण दिलं. अशी वाहिनी ओरडताना किंवा जोराच्या खोकल्यात फुटू शकते. फुटली तर पूर्ण मौन, आणि प्रयोगाचा प्रश्नच उरत नाही. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारखी औषधं रक्त वाहण्याची शक्यता वाढवतात. ती अंगदुखीसाठी आठवडाभर आयबुप्रोफेन घेत होती. ते त्याच दिवशी थांबवलं.

गुरुवार होता. पहिला प्रयोग पुढच्या शनिवारी, म्हणजे ९ दिवसांवर. मध्ये नाटकाचे शेवटचे ४ प्रयोग, गेमचं दुसरं सत्र, आणि ऑपेराच्या रंगमंचावरच्या सगळ्या मोठ्या तालमी.

कोणते पर्याय होते

स्टेरॉइड घेऊन सगळं पार पाडायचं, हा पहिला विचार. बहुतेक गायकांच्या मनात तोच आधी येतो. औषधाने सूज उतरते, स्वर लागतो, पण टक्करीने झालेली इजा तशीच राहते आणि वेदनेसारखी धोक्याची खूण मात्र जाते. एका महत्त्वाच्या प्रयोगासाठी, रक्तस्राव नसताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली याचा विचार होऊ शकतो. इथे पुढे एक प्रयोग नव्हता, ६ प्रयोग आणि १२ तासांचं ध्वनिमुद्रण होतं, आणि ती रक्तवाहिनी होती. डॉक्टरांनी नकार दिला. तो योग्यच होता.

ऑपेरा सोडायचा, हा दुसरा. कव्हर, म्हणजे भूमिका पाठ करून तयार ठेवलेली बदली गायिका, होती आणि चांगली होती. पण सोडणं म्हणजे सहाही प्रयोगांचं मानधन जाणं. शिवाय 'ऐन वेळी दगा देणारी' ही ओळख या व्यवसायात चिकटते, ती पुसायला वर्षं लागतात.

गेम सोडायचा? त्यात सूज आणणारं सगळ्यात मोठं कारण जात होतं, पण त्या पात्राचा आवाज आधीच मुद्रित झाला होता. नव्या आवाजाने तो पुन्हा करावा लागला असता आणि करारभंगाचा प्रश्न आला असता.

नाटकाचे शेवटचे चार प्रयोग सोडायचे, हा सगळ्यात अवघड पर्याय, कारण तिथे कव्हर नव्हतं. छोट्या निर्मितीत नसतंच. आपल्यामुळे चार सहकाऱ्यांचं काम जाईल, ही गोष्ट तिला आपल्या गळ्यापेक्षा जड वाटत होती.

रोझिनाच्या संगीत-शिकवणीच्या प्रसंगात दुसरं हलकं गाणं घालण्याचाही विचार झाला. एकोणिसाव्या शतकात गायिका तिथे आपल्या आवडीचं गाणं सर्रास घालत. पण वाद्यवृंदाच्या नव्या वह्या आणि नवी तालीम नऊ दिवसांत होण्यासारखी नव्हती. तो विचार अर्ध्या तासात मागे पडला.

काय केलं

गुरुवारी संध्याकाळी तिने तिन्ही ठिकाणी फोन केले. नाटकाच्या दिग्दर्शकाला, ऑपेराच्या कंडक्टरला आणि गेमच्या निर्मात्याला एकच माहिती दिली: काय सापडलं, काय नाही सापडलं, किती दिवस लागतील. कुणालाही 'जरा सर्दी आहे' असं सांगितलं नाही. या तीन फोनआधी तिने एक तास कागदावर वाक्यं लिहिली होती, कारण त्यानंतर बोलायचंच नव्हतं.

नाटकाचे प्रयोग रद्द झाले नाहीत. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या अभिनेत्रीने संहिता हातात घेऊन भूमिका केली, प्रेक्षकांना पडदा उघडण्याआधी तसं सांगितलं. ज्यांना पैसे परत हवे होते त्यांना ते मिळाले.

शुक्रवार ते रविवार मौन. कुजबुजही नाही, कारण पुष्कळ लोक कुजबुजताना घसा वरून आवळतात. पाणी भरपूर, पण प्यायलेलं पाणी अन्ननलिकेत जातं, तंतूंना ते थेट लागत नाही. म्हणून दिवसातून दोनदा सलाइनची वाफ नेब्युलायझरने. मेंथॉलच्या गोळ्या बंद, कारण त्या घसा बधिर आणि कोरडा करतात.

सोमवारी आवाजाला हात लावला तो स्ट्रॉने. अर्ध्या भरलेल्या ग्लासात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि बुडबुडे काढत मधल्या पट्टीत 'ऊ' धरायचा. वर अडथळा असल्यामुळे मागे दाब तयार होतो आणि तंतू जोर न लावता भेटतात. पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. बुडबुडे तुटक आले तर हवा कमी पडते आहे, उसळले तर ढकलणं चाललं आहे. हे ऐकू येतं, दिसतं, म्हणून स्वतःला फसवता येत नाही.

ऑपेराच्या सोमवार आणि मंगळवारच्या तालमींत ती नुसती हालचाली करत होती आणि कव्हर रंगमंचाच्या कडेला उभी राहून गात होती. बुधवारपासून मार्किंग, म्हणजे हात राखून गाणं. मार्किंगही चुकीचं होऊ शकतं. आवाजात हवा मिसळून, अर्धवट घशातून गायलं तर पूर्ण गाण्याइतकाच त्रास होतो. योग्य मार्किंग म्हणजे आधार आणि उच्चार पूर्ण, आवाज लहान, आणि वरची जागा एक सप्तक खाली. गुरुवारच्या रंगीत तालमीत पहिला अंक पूर्ण आवाजात, दुसरा मार्किंगमध्ये. शुक्रवारी सुट्टी.

कंडक्टरबरोबर बसून तिने अलंकार बदलले. रोस्सिनीच्या संगीतात पुनरावृत्तीला गायिकेने आपल्या हरकती घालायची रीतच आहे, त्यामुळे वरच्या बी-ऐवजी खाली वळणारी तान घेणं ही पळवाट ठरत नाही. तीन ठिकाणी वरचा स्वर काढला. पहिल्या अंकाच्या शेवटी, सगळे मिळून गातात तिथे, तिने आवाज हलका ठेवायचा असं आधीच ठरवून घेतलं.

गेमच्या निर्मात्याने अपेक्षेपेक्षा लवकर ऐकलं. उरलेले १२ तास ६ सत्रांत वाटले, प्रत्येकी २ तास. प्रयोगांच्या मधल्या दिवसांत फक्त शांत संवाद, तेही प्रयोगाच्या आदल्या दिवशी नाही. उरलेले ओरडे ऑपेरा संपल्यानंतर. तोवर गेममध्ये पहिल्या सत्रातलेच ओरडे तात्पुरते बसवले. सुधारणांचं एक सत्र ती विनामोबदला करेल असं ठरलं.

ओरडण्याची पद्धतही बदलली. माइक मीटरभर लांब, आणि दुसरा माइक कमी गेनवर (आवाज कमी वाढवून पकडणारा), म्हणजे मोठा आवाज फाटला तरी एक मुद्रण शाबूत राहतं. मायक्रोफोनला खऱ्या युद्धाची ताकद लागत नाही. चेहरा, श्वास आणि स्नायूंचा ताण खरा असला की साठ टक्के आवाजातही ऐकणाऱ्याला पूर्ण ताकद जाणवते. वीस मिनिटं ओरडे, दहा मिनिटं स्ट्रॉ, असा क्रम.

निष्पत्ती

सहापैकी पाच प्रयोग तिने गायले. तिसऱ्या प्रयोगानंतरच्या सकाळी हळू स्वराची चाचणी दोन स्वर खाली घसरली होती, दुसऱ्या दिवशीही ती सुधारली नाही, आणि चौथा प्रयोग कव्हरने केला. त्याचं मानधन गेलं. पाचव्या प्रयोगाला आवाज परत जागेवर होता. पडद्यामागे तिला हा निर्णय सोपा गेला, कारण तो दोन आकड्यांवर घेतला होता, मनाच्या कौलावर नाही.

शेवटच्या प्रयोगानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. सूज बरीच उतरली होती, फट पुढच्या बाजूला किंचित उरली होती. फुगलेली रक्तवाहिनी तशीच होती. तिच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. आवाज-उपचारांच्या सहा बैठका झाल्या, आणि त्यातला मुख्य भाग गाण्याचा नव्हता, फोनवर आणि गोंगाटात बोलण्याचा होता.

काय वेगळं करता आलं असतं

गुरुवारनंतरचे निर्णय चांगले होते, पण ते आग लागल्यानंतरचे होते. खरी निर्णयाची जागा नाटकाच्या वाढीव प्रयोगांचा फोन. तिथे 'उद्या कळवते' एवढं म्हटलं असतं आणि तिन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवली असती, तर चौथा आठवडा डोळ्यांसमोर आला असता. सहकलाकारांच्या उत्साहात नकार देणं अवघड असतं हे खरं, पण एक दिवस मागणं अवघड नसतं.

गेमच्या करारात तीन गोष्टी हव्या होत्या: काम कोणत्या तारखेपर्यंत संपायचं आणि तारीख सरकली तर पुन्हा विचारायचं, ओरड्यांचं सत्र दोन तासांचं आणि ओरडे शेवटी, आणि सुधारणांसाठी बोलावण्याची मुदत. चौथी गोष्ट गळ्याशी संबंधित नाही पण त्याच पानावर असते: मुद्रित आवाजावरून यंत्राने नवा आवाज बनवायचा असेल तर वेगळी संमती. २०२४ मध्ये गेम-कलाकारांनी याच प्रश्नावर पुन्हा संप केला. ती ओळ वाचताना कलाकार बहुधा थकलेला असतो, म्हणून ती सही करण्याच्या आदल्या दिवशी वाचावी.

सर्वांत जास्त नुकसान मात्र लपवण्याने झालं. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारीच तिने पियानोवादकाला सांगितलं असतं तर दहा दिवस मिळाले असते. गायक सांगत नाहीत, कारण सांगणाऱ्याला कमकुवत समजतात ही भीती खोटी नाही. पण निदान एक माणूस असा हवा जो रोज ऐकतो आणि ज्याचा भूमिकावाटपाशी संबंध नाही. या प्रकरणात तो माणूस होता, आणि शेवटी त्यालाच आधी कळलं.

कव्हरच्या बाबतीत एक उणीव राहिली. तिला प्रयोगाआधी फक्त एका सकाळी वेशभूषेसह रंगमंच मिळाला. सोमवार-मंगळवारी ती कडेला उभी राहून गातच होती. त्यातल्या एका तालमीत तिला प्रत्यक्ष हालचालींसह उभं केलं असतं तर गायिकेला आणखी एक दिवस मौन मिळालं असतं आणि कव्हर जास्त तयार झाली असती. नाटकातल्या बदली अभिनेत्रीला तर एकच दिवस मिळाला. तो भार तिच्यावर पडायला नको होता.

त्यानंतर गायिकेने आठवड्याचा एक हिशेब ठेवायला सुरुवात केली. शांत संवाद किंवा मार्किंग तासाला १, नाटकाचा प्रयोग ३, ऑपेरा पूर्ण आवाजात तासाला ३, ओरडणं तासाला ८. आठवड्याची मर्यादा २४. हे शास्त्रीय मोजमाप नाही, तिच्या गळ्यापुरते तिने ठरवलेले आकडे आहेत. दुसऱ्याचे वेगळे येतील. पण त्या आकड्यांनी मागचा हिशेब मांडला तर शुक्रवारपासून बुधवारपर्यंत नाटकाचे १२, सोमवारच्या तालमीचे ६, गेमचे १०, सिट्झप्रोबेचे ५ असे सहा दिवसांत ३३ होतात. एकाही दिवसाकडे बघून हा आकडा कळला नसता.

नाटक पुढच्या हंगामात पुन्हा होतं आहे. किंकाळी आता छातीतून नाही, वरच्या हलक्या आवाजात, दोन सेकंदांची, आणि तिच्यावर बाहेरच्या दाराचा आवाज येतो. स्वगताआधी दिग्दर्शकाने तिला पाठमोरी चार पावलं चालायला दिली आहेत. त्या चार पावलांत ती दोनदा आवंढा गिळते, श्वास खाली नेते आणि मग वळते.